पेटी सोपी आहे, हीच तिची लबाडी

हिरकणीवाडीत काय किंवा महाड-पोलादपूरच्या दुसऱ्या कुठल्या वाडीत काय, चाळिशी उलटलेल्या माणसाने ‘एखादं वाद्य शिकावं म्हणतो’ असं नुसतं बोलून दाखवलं, की समोरचा क्षणाचाही विचार न करता सांगतो, ‘मग पेटी घ्या. सगळ्यांत सोपी.’ सांगणाऱ्याला पेटी येत असते असं नाही. बहुधा येत नसते, म्हणून तर तो इतकं ठामपणे सांगू शकतो. ज्याला खरोखर येते तो बुवा अशा वेळी पानाला चुना लावत बसतो आणि काही बोलत नाही. बासरीतून महिनाभर नुसती हवा निघते, तबल्याने बोटं दुखतात, व्हायोलिनचं पहिलं वर्ष तर घरच्यांनी सोसायचं असतं; पेटीचं तसं नाही, पट्टी दाबली की सूर हजर, असा हा युक्तिवाद. त्यातलं एकेक वाक्य खरं आहे आणि निष्कर्ष तेवढा चुकीचा. पेटी सोपी दिसते, आणि नवशिक्याला अवघड वाद्यापेक्षा सोपं दिसणारं वाद्य जास्त घातक असतं, असं माझं म्हणणं आहे.

हे पटवायला पेटीच्याच भावकीतलं, पण स्वभावाने अगदी उलटं असं एक वाद्य साक्षीला बोलावतो: कॉन्सर्टिना. दोन बाजूंना दोन षटकोनी लाकडी तोंडं, मध्ये घड्यांचा भाता, आणि पट्ट्यांऐवजी दोन्ही तोंडांवर बटणं. आत पेटीत असतात तसेच सूर, म्हणजे हवेच्या झोताने थरथरणाऱ्या धातूच्या पात्या. लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी यामागच्या मूळ कल्पनेचं पेटंट १८२९ मध्ये घेतलं आणि खुद्द कॉन्सर्टिनाचं १८४४ मध्ये. बारावी सायन्स केलेल्यांच्या पोटात हे नाव वाचून गोळा आला असेल, तर तो योग्य कारणाने आला आहे. प्रॅक्टिकलच्या व्हीटस्टन ब्रिजवाले ते हेच. (ब्रिजची मूळ कल्पना सॅम्युअल ख्रिस्ती यांची, पण नाव लागलं व्हीटस्टनचं.) गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर न येण्यात जी मजा असते, तीच त्यांनी या वाद्यातही ठेवली आहे. त्यांच्या इंग्लिश पद्धतीच्या नेहमीच्या वाद्याला ४८ बटणं, आणि सप्तकाचे स्वर दोन हातांत एकाआड एक वाटून दिलेले: सा डाव्या हाताला, रे उजव्या, ग पुन्हा डाव्या. साधं ‘सारेगम’ म्हणायचं तरी दोन हातांचं एकमत लागतं. जर्मन मंडळी याच्याही पुढे गेली. केमनित्सच्या कार्ल ऊलिग यांनी १८३४ मध्ये आणलेल्या प्रकारात, आणि त्यावरून पुढे निघालेल्या अँग्लो कॉन्सर्टिनात, एकच बटण भाता दाबताना एक स्वर देतं आणि ओढताना दुसरा. म्हणजे बोट बरोबर, बटण बरोबर, आणि तरी स्वर चुकीचा, कारण त्या क्षणी हात जवळ येत होते की लांब जात होते, याचं भान सुटलं. वर आणखी अडचण अशी की बटणं बाहेरच्या अंगाला असल्यामुळे वाजवणाऱ्याला दिसतच नाहीत; पेटीवाल्यासारखी मान खाली घालून बोटं शोधायची सोय नाही. आपल्याला यातलं काहीही येत नाही, हे कॉन्सर्टिना हातात घेतलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळतं. यासारखा उपकार नाही.

आता पेटी पहिल्याच संध्याकाळी काय करते ते पाहा. एका सप्तकात काळ्या पट्ट्या पाच, काळी एक ते काळी पाच. पांढऱ्यांना हातही न लावता काळी तीनला सा धरायचा आणि नुसत्या काळ्यांवरून बोट वर न्यायचं: सा रे ग प ध, झाला भूप. काळी एकला सा म्हटलं की त्याच पाच पट्ट्यांचा दुर्गा. काळी पाचला सा म्हटलं, तर पुढे कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद येतात, म्हणजे मालकंस. काळी दोनवरून धानी निघतो, काळी चारवरून मधमाद सारंग. पाच पट्ट्यांत पाच रागांचे स्वर, आणि चुकायची सोयच नाही, कारण चुकीचा स्वर बोटाखाली येतच नाही. जो मालकंस गळ्यावर चढायला गवयाची उमेदीची वर्षं जातात, तो पडवीत बसून कपातला चहा निवायच्या आत. यात कर्तृत्व आहे ते पट्ट्यांच्या मांडणीचं, वाजवणाऱ्याच्या वाट्याला एक बोट तेवढं येतं. पण हे त्याला सांगणार कोण? त्याला वाटतं, आपल्यात काहीतरी होतं आणि संसाराच्या रगाड्यात ते इतकी वर्षं दबून राहिलं. घरच्यांनाही तसंच वाटतं, कारण कानाला वाईट काही लागत नाही. मग व्हिडिओ निघतो, तो मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर जातो, तिथे अंगठे पडतात आणि कोणी काका ‘यंदा गणपतीत बुवा तुम्हीच’ असं लिहून मोकळे होतात. खरा मालकंस त्या पाच स्वरांच्या मधल्या जागांत असतो. मध्यमावरून गंधारावर ज्या ओढीने उतरायचं, ती ओढ कुठल्याच पट्टीखाली नाही. पट्टीच्या अवस्था दोनच, दाबलेली आणि सुटलेली. नसलेल्या मधल्या जागेचा भास बोटांनी आणि भात्याने उभा करणं, ही पेटीवाल्याची सगळी विद्या. ती शिकायला बसायचं तर आपल्याला येत नाही हे आधी कळायला हवं, आणि नेमकं तेच पेटी कळू देत नाही.

हिरकणीवाडीच्या माणसाला हे समजावायला लांब जायला नको. १९९६ पासून वाडीतूनच रायगडावर रोपवे जातो. दीड हजारांच्या आसपास पायऱ्या चढून जो महादरवाजात पोचतो, त्याला गड केवढा आहे हे गुडघ्यांनी आधीच सांगितलेलं असतं. रोपवेचा प्रवासी शर्टाची इस्त्री न मोडता पाच मिनिटांत वर उतरतो आणि विचारतो, ‘बघण्यासारखं काय काय आहे?’ मग त्याला कळतं की राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वराचं देऊळ, महाराजांची समाधी, टकमक टोक ही सगळी गडभर विखुरलेली आहेत आणि तिथे पायीच जायचं आहे. त्या वेळचा चेहरा पाहण्यासारखा असतो. पेटी हा संगीतातला रोपवे आहे. रोपवेला मी नावं ठेवत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्याने गड दाखवला आणि वाडीतल्या कितीतरी चुली त्याच्या गर्दीवर पेटतात. तक्रार एवढीच की वर पोचलो म्हणजे गड झाला, असा समज तो करून देतो. ज्या हिरकणीच्या नावाने वाडी ओळखली जाते, ती गवळण, दंतकथा खरी धरली तर, दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या पोरासाठी रात्री कडा उतरली. त्या कड्याची माहिती तिच्याइतकी किल्लेदारालाही नसेल. कॉन्सर्टिना शिकणारा त्या वाटेने जातो, फरक एवढाच की त्याची कोणी वाट पाहत नसतं.

यावर कोणी म्हणेल, पेटी इतकी फसवी, तर मग गोविंदराव टेंबे कसे झाले? पी. मधुकर, त्यांचे शिष्य आणि २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले तुळशीदास बोरकर, अप्पा जळगावकर, बेळगावचे रामभाऊ विजापुरे, नाट्यसंगीताच्या साथीचे गोविंदराव पटवर्धन, झालंच तर आपले पु. ल. ही माणसं काय फसली होती? मुळीच नाही, आणि हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या त्या त्यांना पट्ट्या सापडत होत्या म्हणून दिल्या नाहीत, डोक्यात गाणं भरलं होतं म्हणून दिल्या. यातल्या कुणाचाही कान पेटीने घडवलेला नाही. कान गाण्याने घडला आणि मग त्या कानाने पेटीला कामाला लावलं. नवशिक्याचा क्रम उलटा असतो. तो पेटीला विचारतो की सूर कुठे आहे, आणि पेटी न चुकता सांगते, त्यामुळे स्वतःच्या कानाला कधी कामच पडत नाही.

दुसरे आक्षेपक शुद्धतावादी. ते खूश होऊन म्हणतील, आम्ही हेच तर सांगत होतो, आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती उगाच नव्हे. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली हे खरं. पण त्यांची तक्रार वेगळी आणि माझी वेगळी. त्यांचं म्हणणं सुरांच्या मापाबद्दल होतं. सप्तकाचे १२०० सेंट बारा पट्ट्यांना सारखे वाटले की पेटीचा गंधार येतो ४०० वर, आणि तंबोऱ्यातून उमटणारा गंधार असतो ३८६ च्या जवळपास. या १४ सेंटांसाठी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे इंग्रज स्नेही क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली. पुढे स्वतंत्र वादनासाठी एकाच सा वर जुळवलेलं ‘गंधार ट्यूनिंग’ही आलं. हा वाद गंभीर आहे आणि जाणत्यांनी तो जरूर घालावा. पण नवशिक्याचा त्याच्याशी काय संबंध? ज्या दिवशी त्याला १४ सेंटांचा फरक कानाला खटकेल, त्या दिवशी घरच्यांनी पेढे वाटावेत.

तिसरा आक्षेप साधा आणि म्हणूनच जड आहे: कॉन्सर्टिना घेऊन भजनाला बसणार कोण? इथे मला माघार घ्यावी लागते. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याचे पाय काढले, भाता मागे आणून डाव्या हाताला दिला, आणि पेटी जमिनीवर मांडी घालून बसली. आपल्याकडे जमिनीवर बसेल ते टिकतं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, गळा मोकळा, तोंड समोरच्या माणसांकडे. भजन सांगणाऱ्या बुवाला आणखी काय हवं? कॉन्सर्टिना उभ्याने वाजवणाऱ्यांचा, खलाशांचा आणि रस्त्यावर गाणाऱ्यांचा. रस्त्यावरच्या गाण्यात हे वाद्य हौसेने वापरणारी मुक्तिफौज १८८२ मध्ये मुंबईत उतरली, पण म्हणून ते गावोगावच्या देवळांत जाऊन बसलं नाही. (खरं तर चालत्या दिंडीला ते शोभलं असतं. पेटी गळ्यात अडकवून घाट चढणाऱ्याला विचारा.) पण याच भजनाने पेटीच्या लबाडीला पाठीशीही घातलं आहे. पखवाज, झांजा आणि मागे ओरडून झेलणारी दहा-बारा माणसं असताना पेटीवाला कुठल्या पट्टीवर आहे हे फक्त देवाला ऐकू येतं, आणि तो विटेवर गप्प उभा. अशा आडोशाला माणूस वीस वर्षं नवशिका राहू शकतो आणि शिवाय बुवा म्हणवून घेऊ शकतो. कॉन्सर्टिनात ही सोय नाही.

तरीही निकाल पेटीच्या बाजूनेच द्यावा लागेल. चांगला कॉन्सर्टिना परदेशातून मागवायचा, तर त्या पैशांत गावच्या अख्ख्या भजनी मंडळाचं सामान येईल, आणि तो बिघडला की महाड सोडा, मुंबईतही कारागीर शोधत फिरावं लागेल. शिकवणारा तर त्याहून दुर्मीळ. तेव्हा पेटीच घ्या, फक्त तिच्याशी कॉन्सर्टिनासारखं वागा. पहिले काही महिने काळ्या पट्ट्यांवरून बोट पळवायचं नाही. एक सूर धरायचा, भाता असा हलवायचा की त्या सुरात हिसका ऐकू येऊ नये, आणि मग पेटी थांबवून तोच सूर स्वतःच्या गळ्यातून काढून पुन्हा पट्टी दाबून ताडून पाहायचा. पलटे करताना बोटांकडे बघायचं नाही. टॉवेल टाकून पट्ट्या झाकल्या तरी चालेल, घरचे काय म्हणतील त्याची तयारी ठेवा. आठवड्यातून एकदा पखवाज-झांजांशिवाय, जाणत्या बुवांसमोर एकट्याने वाजवायचं. व्हिडिओ वर्षभर कोणालाही पाठवायचा नाही, मुंबईच्या काकांना तर नाहीच. आणि खरेदी दिवाळीनंतर करा. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, पट्टी दाबली की खालीच बसते, आणि मग भाता हलवाल तितका वेळ तो एकच सूर वाजत राहतो.