आंग्र्यांच्या दर्यात चाच्यांची शिकवणी

माननीय बालरंजन-प्रमुख,
मुंबई–गोवा जहाज, बिनखिडक्यांची मोठी खोली, यांस,



पत्रास कारण की, गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब आपल्या जहाजावर होतो. मी, नवरा, आठ वर्षांची कन्या, पाच वर्षांचे चिरंजीव आणि माहेरच्या वेंगुर्लेकर असलेल्या माझ्या सासूबाई. आपल्या माहितीपत्रकात छापलं होतं, ‘मुलं रमतील, तुम्ही निवांत राहा.’ शब्दाला जागलात. मुलं इतकी रमली की समुद्र बघायचा राहूनच गेला. चारी बाजूंनी पसरलेला समुद्र मुलांच्या नजरेआड ठेवणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही. त्याबद्दल आधी अभिनंदन.

आपलं वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. पाच वाजता स्लाइम. पावणेसहाला चेहरे रंगवणे. साडेसहाला ‘पायरेट नाइट’. बॅलार्ड पिअरवर जहाजाचे दोर सुटले, मुंबई हळूहळू मागे सरकायला लागली, मावळतीचं ऊन पाण्यावर सांडलं, तेव्हा आमची पोरं ट्यूबलाइटखाली हिरवा चिकट गोळा ताणत होती. तो गोळा आता आमच्या सोफ्याला लागलाय आणि निघत नाही. निदान त्याला तरी प्रवास आठवतो.

बंदराबाहेर पडल्यावर पायलट उतरला, तोही मुलांनी पाहिला नाही. एवढ्या अवाढव्य जहाजाच्या कुशीतून दोराची शिडी खाली सोडतात, शेजारून एक चिमुकली लाँच पळत असते, आणि एक माणूस त्या शिडीवरून उतरून, नेमकी लाट साधून, लाँचवर पाय टाकतो. जहाजाला बंदराबाहेरची वाट दाखवून तो घरी जातो. हे सगळं सासूबाईंनी एकट्यांनीच पाहिलं आणि सर्कशीतल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. तिकीट नाही, रांग नाही, हातात पट्टा नाही. म्हणूनच बहुधा आपल्या कार्यक्रमात बसलं नाही.

मुलांना सगळ्यात जास्त काय आवडलं, सांगू? निघण्याआधीची सुरक्षा-कवायत. सात आखूड भोंगे, मग एक लांब. पोटात गोळा आणणारा तो आवाज चिरंजीव अजून बाथरूममध्ये काढतात. पण त्याचं श्रेय तुम्हाला देता येत नाही. ती कवायत कायद्यानं करावी लागते, तुमच्या कल्पनेनं नव्हे.

आता मुद्द्यावर येते, म्हणजे पायरेट नाइटवर. मुलांना कवटीची काळी टोपी, डोळ्यावर पट्टी, प्लास्टिकची तलवार. पंचवीस-तीस पोरं ‘अर्र्र’ करत खोलीभर फिरत होती आणि टेबलाखाली लपवलेली सोनेरी कागदातली चॉकलेटं शोधत होती. हौस म्हणून छान. पण महोदय, त्या घटकेला आपलं जहाज कुठल्या पाण्यात होतं, याची कुणी चौकशी केली होती का?

खांदेरी किल्ल्याच्या! तुमच्या भिंतीपलीकडे, डाव्या हाताला. ज्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चिडून ‘पायरेट’ म्हणत, ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून आरमार घेऊन खांदेरीवर चालून गेला आणि हात हलवत परत आला. आणि तीनशे वर्षांनी आपण त्याच पाण्यात मराठी मुलांना कॅरिबियन चाच्यांच्या टोप्या घालून इंग्रजीत गुरगुरायला शिकवता. बूनसाहेबाला जे आरमार घेऊन जमलं नाही, ते आपण थर्मोकोलच्या कवटीवर करून दाखवलंत.

आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय व्यापारी जहाजांना या किनाऱ्यावर सुखानं फिरता येत नसे, म्हणून साहेबाचा जळफळाट. तुमच्याकडे दस्तकांची काय वाण! वायफायचं वेगळं, चाच्याबरोबरच्या फोटोचं वेगळं, आणि पैसे भरून आलेल्या मुलाला टोपी घरी न्यायची असेल तर तिचंही वेगळं. चाचेगिरीचा तास घ्यायला आपल्याइतका अधिकारी माणूस शोधून सापडला नसता.

मी परदेशी जहाजांवर जळत नाही. १९९९ मध्ये ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर बर्फाचं रिंगण आणि चढायला खोटा कडा आला. २०२४ पासून मायामीहून ‘आयकॉन ऑफ द सीज’ सहा पाण्याच्या घसरगुंड्या घेऊन फिरतंय. त्यांनी आपल्या जागी काय हवं ते करावं. आपण मात्र त्यांची सावली आणलीत, घसरगुंडी नाही.

आणि इथे असं होतं काय, जे उसनं आणावं लागलं? मुंबईहून गोव्याला जाताना खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असे चार किल्ले वाटेत लागतात. चारही २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. जहाज किनाऱ्यापासून लांबून जातं, रात्र असते, तट-बुरूज दिसत नाहीत, सगळं मान्य. पण दीपगृहांचे दिवे दिसतात ना! त्यांचं वीजबिल आपल्याला भरावं लागत नाही.

हे मला कळलं तेही अपघातानं. पायरेट नाइटमध्ये कन्येला मळमळायला लागलं. तुमच्या ताईंनी तिला कोपऱ्यात बसवून टीव्ही लावून दिला. सासूबाई गेल्या, पिशवीतून आलेपाकाची वडी काढून तिच्या तोंडात घातली आणि हात धरून डेकवर घेऊन आल्या. वाऱ्यावर पोरगी दोन मिनिटांत टवटवीत. रेलिंग पुसणारा एक खलाशी सासूबाईंचं बोलणं ऐकून थबकला. मालवणचा निघाला. काळोखात बोट दाखवून म्हणाला, “तो बघ गो बाय, खांदेरीचो दिवो.”

१८६७ पासून तो दिवा तिथे आहे. दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. कन्या मधले आकडे मोजायला लागली. मग सासूबाईंनी आपल्या बोटीची गोष्ट काढली. त्यांच्या लहानपणी कोकणची बोट वेंगुर्ल्याच्या बंदराला लागायची नाही, लांब पाण्यात उभी राहायची. मग पडाव, म्हणजे छोट्या होड्या, यायच्या, आणि लाट वर आली की माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं खाली उतरवायचं. “आणि मुलांना खेळायला काय असायचं?” कन्येनं विचारलं. “एकच खेळ होता,” सासूबाई म्हणाल्या, “पुढचा कोण ओकणार ते ओळखायचं.”

पोरगी खो खो हसली. तासभर हलली नाही. त्या तासाचा खर्च, आलेपाकाची एक वडी.

तेव्हा विनंती विशेष. पुढच्या फेरीला साडेसहाचा तास तेवढा रद्द करा. मुलांना डेकवर आणा, जवळचे दिवे थोडे मंद करा, आणि त्या मालवणच्या खलाशाच्या हातातलं फडकं घटकाभर काढून घ्या. बाकी काही करू नका. काही न करणं आपल्याला जड जाईल, कल्पना आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका माजी चाच्याची आई

ता. क. : डोळ्यावरची काळी पट्टी वाया गेलेली नाही. सासूबाईंचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.