बिनपागडीच्या भाडेकरूस

प्रति,
श्री. धूर,
मागची सीट, डावी खिडकी,
सन १९९३ची एक मोटार,
बिल्डिंगच्या मागचं पार्किंग, मुलुंड (पूर्व).

सप्रेम खोकला, विनंती विशेष.

आपण माझ्या गाडीत राहायला आलात त्याला या पावसाळ्यात दोन वर्षं झाली. करार नाही, पागडी नाही, डिपॉझिट तर नाहीच. या मुंबईत अकरा महिन्यांसाठी दहा बाय दहाची खोली हवी तर माणसाला पोलीस स्टेशनात कागद द्यावे लागतात, लग्न झालंय का ते सांगावं लागतं, मासळी खाता का या प्रश्नाला खोटं उत्तर द्यावं लागतं. आपण मात्र एका सकाळी डिकीच्या कोपऱ्यातून आत शिरलात आणि सीटवर पाय पसरून बसलात. सोसायटीचा ना-हरकत दाखला सोडाच, जेवणाचे डबे आणणाऱ्या पोराची सही घेणाऱ्या आमच्या वॉचमनने वहीत आपली साधी नोंदही केली नाही.

गाडीचं नाव या पत्रात घालत नाही. घरच्या माणसाची कुरबूर चव्हाट्यावर मांडायची वेळ आली तर निदान नाव तरी घेऊ नये. घ्यायचंच तर उखाण्यात घ्यावं. शिवाय बत्तीस वर्षांच्या गाडीत काहीतरी गळणारच. त्याबद्दल ती बनवणाऱ्याला बोल लावणं म्हणजे आजोबांच्या गुडघ्याचा जाब पणजोबांना विचारणं.

तर आपल्या मुक्कामाची हकीकत.

दर दुसऱ्या रविवारी आम्ही नवरा-बायको बोरिवलीला सासुरवाडीला जातो. मुलुंडहून निघायचं, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड धरायचा, पवईच्या तळ्याकडे एक नजर टाकायची आणि मग मेट्रोच्या खांबांखाली पहिल्या गिअरमध्ये आयुष्याचा विचार करत बसायचं. पवई सरेपर्यंत माझं कपाळ जड व्हायचं. गोरेगावला मळमळ. बोरिवलीला जिना चढताना पाय कापसाचे. बायको तर कांजूरलाच पेंगायला लागायची. मला वाटे, हिला माहेरची ओढच एवढी की झोपेत पोहोचायची घाई. तिला वाटे, याचं गाडी चालवणंच झोप आणणारं. सासूबाई मला गॅलरीत खुर्ची टाकून देत, आलं ठेचून घातलेला चहा हातात देत, आणि तास-दोन तासांनी डोकं उतरे. श्रेय आल्याला. दोष कोणाला देत होतो, ते आपल्या दोघांत राहू द्या. पण जावयांच्या डोकेदुखीचं कारण शोधायला फार लांब जायची आपल्याकडे पद्धत नाही.

हा गैरसमज मेहुणीने घालवला. ती परिचारिका आहे. एकदा तिने सहज विचारलं, “भावोजी, मागच्या वेळी लोकलने आलात तेव्हा दुखलं होतं का डोकं?”

आठवून पाहिलं. मुलुंडहून दादर, दादरहून बोरिवली, त्यात रविवारचा मेगाब्लॉक. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता, कोणाचं तरी कोपर बरगडीत होतं, पण डोकं? साफ.

“मग ताईचं?”

ताईसुद्धा त्या दिवशी टक्क जागी होती. पूर्ण प्रवासभर माझ्याशी भांडत होती.

मेहुणी हसली नाही. “आधी गाडी दाखवा,” म्हणाली. “आणि तोवर ताईला त्यात बसवू नका.” मला बसायला तिची हरकत दिसली नाही.

धूरसाहेब, इथे आपली माफी मागितली पाहिजे. तोवर माझा सगळा राग आपल्यावर होता, कारण आपण दिसता, वास मारता, डोळे चुरचुरवता. म्हणून मी काय केलं? आरशाला कापराची वडी टांगली. ती पुरेना तेव्हा मोगऱ्याच्या वासाची बाटली बसवली. आपला वास दबला आणि मला वाटलं, आपण गेलात. खरं तर आपण सभ्य. येताना निदान कडी वाजवता. आपल्याबरोबर जो धाकटा भाऊ येतो त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. कार्बन मोनॉक्साइड. आपण दाराशी ओरडत होतात की हा आत आलाय, आणि मी आपल्या तोंडात मोगरा कोंबला.

या धाकट्याची चाल विरार लोकलमधल्या खिडकीवाल्यासारखी. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. एकदा जागा मिळाली की स्वारी उठत नाही. बिचारा ऑक्सिजन प्लॅटफॉर्मवर ताटकळतो. मोकळ्या हवेत येऊन बसलं तरी यातले निम्मे उतरायला चार-पाच तास लागतात. म्हणजे सासूबाईंच्या गॅलरीत माझं कपाळ हलकं होत होतं तेव्हाही ह्याची बरीच मंडळी आत पत्ते कुटत बसलेली असणार. आणि रात्री जेवून आम्ही पुन्हा त्याच गाडीत.

आता आपण म्हणाल, आमचे कागद तर स्वच्छ आहेत. आहेतच. दर सहा महिन्यांनी मी गाडी पीयूसीला नेतो. पोरगा सायलेन्सरच्या शेपटात नळी खुपसतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो, चिठ्ठी फाडून देतो. पास. पण त्या चिठ्ठीचं गणित मी मेहुणीच्या बोलण्यानंतर पहिल्यांदा मांडलं. माझ्या गाडीच्या वयाला कार्बन मोनॉक्साइडची मुभा ३ टक्के. बीएस-४ गाडीला ती ०.३ टक्के, म्हणजे आमच्या म्हातारीला दहापट सवलत. ज्येष्ठ नागरिक म्हणून असेल. नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो मुंबईसह चार महानगरांत, १ एप्रिल १९९५पासून. आमची त्याच्या दोन वर्षं आधीची, त्यामुळे पोटात गाळणीच नाही. ३ टक्के म्हणजे दहा लाख भागांत ३०,००० भाग. आणि माणसाचं कपाळ एक-दोन तासांत दुखू लागायला दहा लाखांत ४०० पुरतात. भागाकार करा. केबिनमधल्या हवेच्या पंचाहत्तर भागांत कायदेशीर, पास झालेल्या, शिक्का मारलेल्या धुराचा एक भाग मिसळला की सासुरवाडीचा प्रवास तयार.

याहून मौज पुढे आहे. सायलेन्सरच्या पाइपाला भोक असेल तर त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते, धूर पातळ होतो आणि पीयूसीच्या यंत्रावर आकडा कमी येतो. गाडी जितकी फाटकी तितकी कागदावर सोवळी. आणि दोन वर्षांमागे नोंदणीचं नूतनीकरण झालं तेव्हा दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, चासी नंबर घासून उतरवला, पर्यावरण कर घेतला. काचा लावून पाच मिनिटं आत बसून कोणी पाहिलं नाही. शेपटाला नळी लावणारे पुष्कळ. नाकाचं कोणी विचारत नाही.

आपल्या घराण्यावर खटला झाला नाही असं नाही. १९९९ साली स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, उपाय सुचवायला लाल समिती बसली, जुन्या टॅक्सींना सीएनजी लावायचे आदेश निघाले. पण त्या खटल्यात आरोप होता रस्त्यावर उनाडक्या करण्याचा. घरात घुसल्याचं कलम लागलंच नाही. पुढे टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आली. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३पासून मोडीत निघाली, तेव्हा पेपरांतून केवढे कढ आले! कुर्ल्यात जन्मलेली, काळी-पिवळी, आमचं बालपण वगैरे. मीही आवंढा गिळला. खासगी गाडीला अशी वयाची अट नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी कागद ताजे करा आणि आठवणींसकट हुंगत बसा.

असो. आपल्याला हुसकावण्याची कामगिरी मी घाटकोपरच्या एका गल्लीतल्या उस्तादावर सोपवली. त्याची पहिली अट: गाडी थंड हवी. म्हणून ती रात्री त्याच्याकडे सोडून सकाळी सातला चहाच्या ग्लासासकट हजर झालो. त्याने बॉनेट उघडलं, चालू करायला सांगितलं आणि मान वाकडी करून ऐकत राहिला. टिक, टिक, टिक, टिक. इंजिन तापलं तसा आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

“हे टॅपेट आहे,” मी म्हणालो. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो.

“टॅपेट नाय साहेब. पॅकिंग उडालंय.” त्याने टॉर्च मारला. मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला भिडतो तिथे पंख्याच्या आकाराची काजळी धरली होती, दिव्याच्या वातीमागे भिंतीवर धरते तशी. थंडीत फट उघडी, लोखंड तापून फुगलं की फट बंद, म्हणून आवाज बंद. आणि त्या फटीसमोर, हातभर अंतरावर, इंजिन आणि केबिनमधला पत्रा. त्यातून क्लचची केबल जाते त्या भोकातला रबर कधीचा वाळून पडला होता. बोट आरपार गेलं. ही आपली पुढची खिडकी.

मग त्याने पोराला ओला पोचा शेपटावर दोन क्षण दाबून धरायला सांगितला. लगेच गाडीच्या पोटातून सापासारखा फूत्कार. सायलेन्सरला वरच्या अंगाला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, पावडरच्या डब्याचा पत्रा तारेने बांधून वर एम-सील फासलेलं. उस्तादाने विचारलं, कोणाचं काम? मी चहा प्यायलो. शेपूटही मागे कधीतरी वेल्डिंग करताना चार बोटं आखूड झालेलं. धूर बंपरच्या बाहेर पडायच्या ऐवजी बंपरखालीच, डिकीच्या ओठाला लागून.

डिकीचा तपास मी स्वतः केला. रात्री आत पेटता टॉर्च ठेवून झाकण लावलं आणि पार्किंगमधला दिवा घालवला. डाव्या कोपऱ्यात वीतभर उजेडाची रेघ. तिथला रबर वितळल्यागत चपटा झालेला. मी वाकून ती रेघ मोजत असताना वॉचमन आला, अंधारात चकाकणाऱ्या डिकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहिलं.

आपला वास वाढला की मी मागच्या दोन्ही काचा खाली घ्यायचो. किती आदबीने आपल्याला आत घेत होतो हे उस्तादानेच सांगितलं. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिथेच घोटाळतो. मागच्या काचा उघडल्या की केबिनमधली हवा बाहेर खेचली जाते, आणि तिची भरपाई होते डिकीच्या फटीतून. मागच्या सीटच्या पाठीमागे आमच्याकडे आहे फक्त एक पुठ्ठा. काचा लावून आतली हवा आतच फिरवावी, तर ती सोसायटीच्या मीटिंगसारखी: तीच तोंडं, तोच कोंडलेला विषय. हवा घ्यायची ती पुढून, बाहेरची, आणि तीही पुढची भोकं बुजवल्यावर. पावसाळ्याचं तर बोलूच नका. अंधेरीच्या सबवेत पाणी साचतं तशा पाण्यात शेपूट बुडालं की धुराला जायला दुसरी वाट हवीच. मिळेल त्या फटीतून तो उलटा फिरतो. आपल्या दृष्टीने तो सणच.

तर धूरसाहेब, आपली जप्ती झाली. नवं पॅकिंग, मधला पाइप नवा, शेपूट लांब, डिकीला नवा रबर, केबलच्या भोकाला बूच. खर्चाचा आकडा सांगत नाही. दोन वर्षांत कापूर आणि मोगऱ्यावर जे घातलं त्याची बेरीज बायकोने करून ठेवली आहे, आणि तो कागद तिच्याकडेच बरा. मोगरा काढून टाकला. आपण परत आलात तर मला कळलं पाहिजे. धाकट्याला वास नाही, म्हणून डॅशबोर्डवर गणपतीशेजारी एक डबी चिकटवली आहे, तो आला की ती केकाटते. दुपारच्या उन्हात ती किती टिकेल ही शंका आहे. गणपती बत्तीस वर्षं टिकलाय.

परवाच्या रविवारी बोरिवलीला गेलो. बायको जागी. पवईला तिने माझी लेन चुकीची ठरवली, गोरेगावला माझा हॉर्न, बोरिवलीला माझं पार्किंग. जिना एका दमात चढलो. सासूबाईंनी गॅलरीत खुर्ची टाकलेलीच होती, हातात आलं आणि बत्ता.

“जावईबापू, ठेवू ना चहा? डोक्यासाठी?”

मी खरं ते सांगितलं. अजिबात दुखत नाही म्हटलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, “बरं झालं हो,” म्हणाल्या, आणि आलं टोपलीत परत ठेवायला वळल्या.

“तसं इथे, भुवईच्या वर,” मी म्हणालो, “थोडं ठणकतंय खरं.”

आपला,
माजी घरमालक