पोराला फुटबॉल मॅचला कधी न्यावं?
हा प्रश्न कोल्हापुरात फक्त पुण्याहून आलेल्या सुनेला पडतो. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत पोरगं मान धरू लागलं की आजोबा त्याला खांद्यावर टाकून शाहू स्टेडियम गाठतात. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असेल, तर मान धरायचीही वाट बघत नाहीत. ऊन, धक्काबुक्की, गोंगाट यांची काळजी नको. हातात शेंगदाण्याची पुडी दिली की भागतं. काळजी करायची ती शब्दसंपत्तीची. ऑफसाइड कळायच्या आधी पोराला रेफ्रीच्या सात पिढ्यांचा इतिहास तोंडपाठ होतो. सोमवारी बालवाडीच्या बाईंनी बोलावलं, तर आजोबांनाच पाठवावं. फक्त बाईंचं माहेर कुठल्या पेठेतलं, ते त्यांनी आधी काढून घ्यावं.