बाजरीचे नातेवाईक

दहा बाय बारा फुटांच्या अंगणात उंच गवत लावावं, हे सुचायला माणूस शहरातच वाढलेला असावा लागतो. ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या खुरपं चाललं, तो पैसे मोजून गवत आणणार नाही. हल्ली मात्र नर्सरीत शोभेच्या गवतांचा वेगळा कोपराच असतो. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारे आपण तिथं निमूट पैसे काढतो. तुरे वाऱ्यावर हलायला लागले की घासाघीस सुचत नाही.

आमच्या अंगणात जांभळं फाउंटन ग्रास आहे. कमरेला लागेल एवढं उंच, जांभळट पानं, मऊ झुकलेले तुरे. गावाहून मामा आले, त्यांनी एक तुरा मुठीत धरून खालून वर ओरबाडला, तळहात उघडून पाहिला आणि म्हणाले, "दाणा भरला नाही गं यंदा?"

"मामा, दाणा भरत नाही म्हणूनच तर आणलंय."

यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात काळजी होती. पण वनस्पतिशास्त्राच्या बाजूनं मामा अगदी बरोबर होते. फाउंटन ग्रास आणि बाजरी नुसती एकाच कुळातली नव्हे, एकाच प्रजातीसमूहातली. पूर्वी दोघांचं आडनाव पेनिसेटम होतं, आता पुष्कळ शास्त्रज्ञ दोघांनाही सेंक्रस म्हणतात. आणि शोभेची बाजरीही खरोखरच असते. 'पर्पल मॅजेस्टी' नावाच्या काळ्या-जांभळ्या बाजरीला २००३ साली अमेरिकेत बागेच्या वाणांसाठीचं सुवर्णपदक मिळालं होतं. हे मी मामांना सांगितलं. "भाकरी कशी होते तिची?" एवढंच त्यांनी विचारलं.

दाणा न भरणं हा लहान बागेत फार मोठा गुण आहे. या जांभळ्या गवताचा हिरवा भाऊ भरपूर बी धरतो, ते वाऱ्यावर जातं. हवाई बेटांवर तो असाच बागेतून निसटला, लाव्हाच्या उघड्या खडकांवर पसरला आणि आता वाळला की वणव्याला सरपण पुरवतो. नर्सरीच्या पाटीवर उंची लिहिलेली असते, किंमत लिहिलेली असते; बी रुजतं का आणि मुळं कुठवर चालत जातात, या दोन गोष्टी आपणच विचारायच्या. उंची डोळ्यांत भरते, पण शेजाऱ्यांशी बोलणं बंद होतं ते रुंदीवरून.

तुकोबांनी लव्हाळ्याच्या नम्रतेचं कौतुक केलं ते पुराच्या पाण्यासमोर. आमच्याकडचे शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणतात, त्या नागरमोथ्याबद्दल त्यांना विचारून पाहा. वर वीतभर पातं, आणि खाली गाठीला गाठ जोडत चाललेलं साम्राज्य. उपटावा तर गाठी खालीच राहतात.

बांबूचंही तेच, फक्त मोठ्या मापात. बांबू हे गवतच. कायद्याला मात्र ते पटायला नव्वद वर्षं लागली: १९२७ च्या वन कायद्यात तो झाडांत मोजलेला होता, तिथून २०१७ च्या दुरुस्तीनं त्याला बाहेर काढलं. बागेत आणताना त्याची चाल बघावी. मानवेलीसारखे आपले बहुतेक बांबू एका बेटात राहतात. बेट फुगतं, पण पळत नाही. चीन-जपानकडचे काही जमिनीखालून धावतात आणि फरशीच्या सांध्यातून डोकं वर काढतात. त्यांच्यासाठी दोन-अडीच फूट खोल जाड प्लास्टिकची भिंत पुरावी लागते. बांबूला भिंत बांधण्यापेक्षा बांबूच न आणणं स्वस्त पडतं.

लग्नाच्या मांडवातून पंपास ग्रासही घरोघर पोचलंय. वाळलेलं, फुलदाणीत, तिथंच ते शोभतं. जिवंत झुडूप माणसाहून उंच जातं आणि त्याच्या पात्यांच्या कडा करवतीसारख्या कापतात. न्यूझीलंडमध्ये तर त्याच्या विक्रीलाच बंदी आहे.

मला विचाराल तर लहान जागेला वाळा लावावा. छाती-खांद्याएवढा सरळ उभा राहतो, आणि सगळी महत्त्वाकांक्षा खालच्या दिशेला ठेवतो. मुळं तीन मीटरपर्यंत खोल जातात, आडवी पसरत नाहीत. लागवडीतल्या दक्षिणी वाणांचं बी सहसा रुजत नाही, फुटवे काढूनच लावावा लागतो. बांध धरून ठेवायला तो म्हणूनच लावतात. उन्हाळ्यात माठात टाकायला चार मुळं मिळतील, अशी आशा मात्र धरू नये. ती काढायची तर पहार लागते आणि पहार चालवणारा माणूस लागतो.

कुठलंही बेट दोन-तीन वर्षांत मधून वाळायला लागतं आणि कडेनं गोल गोल वाढतं. मग वळवाच्या आधी ते गुडघ्याखाली छाटायचं, खणायचं, बाहेरचे तजेलदार फुटवे ठेवायचे, मधला गाभा फेकायचा. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा; गवताच्या पात्यात सिलिका असते, ती कुणाची भीड ठेवत नाही. फेकायचं कुठे, हा वेगळा प्रश्न. कचऱ्याची गाडी एवढा भारा घेत नाही.

गवती चहाला यातलं काहीच लागत नाही. तोही चार फूट वाढतो, तोही पसरतो, पण पावसाची पहिली सर आली की फाटकाशी शेजारणींच्या हाका सुरू होतात, "अहो वहिनी, दोन पाती नेऊ का?" श्रावण उजाडेपर्यंत बेट आटोक्यात आलेलं असतं. आलं तेवढं त्या घरून आणतात.