सहज या

'सहज' हा शब्द आमच्या एकलहऱ्यात एका बाईनं कायमचा नासवून ठेवला आहे. "काकू, रविवारी चारला या ना घरी. सहज," असा फोन आला की आमच्याकडे आधी कॅलेंडर बघतात. तारीख दहाच्या आतली असेल तर खुशाल जावं. पंधरा ते वीस असेल तर पर्स घरी ठेवून जावं. पंचविशीच्या पुढे असेल तर ताप आलाय म्हणून सांगावं. आणि खरोखरच ताप आला असेल तर मात्र मुळीच सांगू नये, कारण मग ती रोगप्रतिकारशक्तीचा डबा घेऊन पंधरा मिनिटांत दारात उभी राहते.

महिनाअखेरीला कंपनीचं 'क्लोजिंग' असतं. तोवर पॉइंट भरले नाहीत तर सिल्व्हरची पायरी हुकते, हे आता पॉवर हाउसच्या कॉलनीतल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे.

तिचं नाव कुणी घेत नाही, मीही घेणार नाही. सगळे तिला डेमोवहिनी म्हणतात. ओझरच्या कॉलनीत, नाशिकरोडच्या प्रेसवाल्यांत, देवळालीत अशी एकेक असणारच. फक्त तिथल्या बायका तिला काय म्हणतात, ते मला माहीत नाही.

तिला ओळखायची खूण म्हणजे तिची हाक. 'काकू' म्हणाली की निश्चिंत बसावं. मुलाची दहावी, गुडघे, कांद्याचा भाव असे विषय निघणार. त्याच वाक्यात 'काकू'ची 'मॅडम' झाली की समजावं, सोफ्यामागून पिशवी निघते आहे. एकदा तर "काकू, चहात साखर किती घालू मॅडम?" असं झालं होतं. ती दोन डगरींवर नेमकी कुठं उभी असते, ते त्या दिवशी मला कळलं.

तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख पेन्सिलीनं. घरची कार्यं हिरव्या शाईनं: बारसं, मुंज, केळवण, भिशी. कंपनीची लाल शाईनं: डेमो, ट्रेनिंग, सेमिनार, क्लोजिंग. पहिल्या वर्षी हिरवं हिरव्याच्या जागी होतं आणि लाल लालच्या. मग एकेका चौकोनात दोन्ही शाया दिसायला लागल्या. दोन वर्षांत अशी वेळ आली की डोहाळजेवण कुठल्या शाईनं लिहायचं, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

त्या डोहाळजेवणाला मी हजर होते. तारीख ३०. शेजारणीच्या सुनेचं सातव्या महिन्यातलं, ओळीत सगळ्यांना बोलावणं, आणि डेमोवहिनीचे पॉइंट अजून अपुरे. पाटासमोर झाकलेल्या दोन वाट्या ठेवायची पद्धत आहे. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. त्या दिवशी वाट्या तीन होत्या. सुनेनं लाजत नेमकी तिसरी उघडली. आत पांढरी भुकटी. सासूचा चेहरा उतरला. पेढा नाही, बर्फी नाही, म्हणजे काय समजायचं?

"प्रोटीन पावडर आहे," डेमोवहिनी म्हणाली. "मुलगा असो, मुलगी असो, दोघांना चालते."

बायका हसल्या, ओटी भरली, गाणी झाली. आणि त्या गडबडीत चार डबे गेले, हेही सांगायला हवं. एक माझ्याकडे आला. मला सातवा महिना नव्हता, सत्तावन्नावं वर्ष होतं.

कॉलनीत कार्यक्रमाची वेळ ठरवणं सोपं नसतं. इथं घड्याळ चालतं ते शिफ्टवर. नाइट करून आलेला माणूस आत झोपलेला असेल, तर त्या घरी कुकरची शिट्टीसुद्धा दबकत होते. मिक्सरचा डेमो तिथं कसा घेणार? म्हणून तिनं कुणाचा नवरा कोणत्या आठवड्यात फर्स्टला, कुणाचा सेकंडला, कुणाचा नाइटला, याचा तक्ताच करून ठेवलाय. फर्स्टवाल्याकडे सकाळी, सेकंडवाल्याकडे चारनंतर, नाइटवाल्याकडे फक्त साबण आणि क्रीम, म्हणजे आवाज न करणारा माल. एकदा एका रिलिव्हरचा पत्ता लागेना, तेव्हा आतून फोन हिला आला होता, असं सांगतात. मला ते खोटं वाटत नाही.

तिचा सगळ्यात गाजलेला डेमो बनियनचा. नवरा कोल हँडलिंगला. कोळशाची धूळ कपड्यांच्या शिवणीत जाऊन बसते, आणि बनियनची गळ्याची पट्टी तर असली काळी होते की साबणानं फक्त राखाडीपर्यंत येते. डेमोवहिनीनं नवऱ्याचं एक बनियन टबात घातलं ते बरोबर अर्धं. डावा अर्धा कंपनीच्या लिक्विडमध्ये, उजवा कोरडा, टबाच्या काठावर चिमट्यानं अडकवलेला. वीस मिनिटं आम्ही पोहे खाल्ले. मग तिनं बनियन पिळून उंच धरलं. मधोमध भांग पाडावा तशी रेघ, एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला डांबर. टाळ्या पडल्या. इतक्यात दारात नवरा. फर्स्ट करून, घामाघूम, आंघोळीला निघालेला. "माझं बनियन?" त्यानं विचारलं. मिळालं नाही, कारण ते अर्धं काळं बनियन पुढच्या तीन डेमोंना लागणार होतं.

हा गृहस्थ बोलतो कमी, बोलला तर प्लांटच्या भाषेत. बायकोच्या हाताखालच्या दोघी एकाच आठवड्यात गळल्या तेव्हा तो म्हणाला, "दोन युनिटं ट्रिप झाली. सगळा लोड हिच्यावर."

मी तिच्या बाजूनं थोडं बोलते. घरगुती समारंभात विक्री घुसवण्याची ही कला कंपनीनं आणली असं जे म्हणतात, त्यांनी कासार विसरला आहे. लग्नघरी चुडा भरायला कासार यायचा, डोहाळजेवणाला कासारीण यायची. ओसरीवर बैठक, सगळ्या आळीच्या बायका हात पुढे करून बसलेल्या. धंदाही व्हायचा आणि मान म्हणून शिधाही मिळायचा. बोहारीण तर दारातच दुकान मांडून जुन्या साड्यांवर पातेली देते. अमेरिकेत ब्राउनी वाइज नावाच्या बाईनं प्लास्टिकच्या डब्यांच्या घरगुती पार्ट्या भरवल्या. त्या इतक्या चालल्या की १९५१ मध्ये टपरवेअरनं डबे दुकानांतून काढून घेतले आणि विक्री पार्ट्यांवरच सोडली. १९५४ मध्ये बाईंचं चित्र 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर आलं, आणि १९५८ मध्ये त्याच कंपनीनं त्यांना घरी बसवलं. हे डबे आपल्याकडे १९९६ मध्ये आले, तेव्हा आमच्या बायकांना त्यात नवं काही वाटलं नाही. हळदीकुंकवाला वाण लुटणाऱ्यांना पार्टी कोण शिकवणार?

फरक असेल तर तो एकच. चुडा भरून झाल्यावर, "आता तुम्हीही कासार व्हा, आणि तुमच्या हाताखाली तीन कासार लावा," असं कासारानं कधी कुणाला म्हटलं नाही.

डेमोवहिनीला ते म्हणावं लागतं. तिची अपलाइन तिला म्हणते, म्हणून ती आम्हाला म्हणते. पहिल्याच ट्रेनिंगला ओळखीच्या शंभर माणसांची यादी करायला लावली होती. ऐंशीपर्यंत कॉलनी पुरली. पुढच्या वीसमध्ये माहेर, मुलाच्या क्लासचे सर, आणि ज्यांच्याशी आठ वर्षं अबोला होता ती जाऊ. जावेशी बोलणं त्या यादीमुळे सुरू झालं. आता दोघी तासन्‌तास बोलतात. जाऊ काही घेत नाही ते वेगळं.

संक्रांतीचं तिचं हळदीकुंकू बघण्यासारखं असतं. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, पण तिचं नेमकं महिनाअखेरीला येतं. वाणात टूथपेस्टची बोटभर ट्यूब. एका वर्षी उखाण्याचा आग्रह झाला. तिनं पदर सावरून घेतला:

"तिळाच्या वडीला चांदीचा वर्ख,
रावांचं नाव घेते, सिल्व्हर नि गोल्डमध्ये दोनच ताईंचा फरक."

आणि समोर बसलेल्या चौदा जणींवरून तिची नजर अशी फिरली की दोघी तीर्थाचं पाणी पिऊन उठाव्यात तशा लगबगीनं उठल्या.

एकदा माझ्या भाच्यानं तिची गंमत केली. केंद्र सरकारनं २८ डिसेंबर २०२१ ला थेट विक्रीचे नियम काढले. त्यांत पिरॅमिडला आणि पैसे फिरवणाऱ्या योजनांना बंदी तर आहेच, शिवाय विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा परवानगी घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही, असंही आहे. भाच्यानं मोबाइलवर हे मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. डेमोवहिनी नवी साडी नेसून आली, गळ्यात मंगळसूत्र आणि मंगळसूत्रावर कंपनीचं ओळखपत्र, फोटोसकट. उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाली, "काकू, परवानगी आहे?" आत बोलावेपर्यंत हलली नाही. डाळ-पन्हं घेतलं, कुंकू लावून घेतलं, आणि ओळखपत्र उलटं फिरवून म्हणाली, "आता काकू म्हणूनच बसते." त्या दिवशी तिनं खरंच काही विकलं नाही. ओटीतले हरभरे मात्र माझ्या भाच्याच्या हातावर ठेवून त्याचा नंबर घेतला.

आम्ही तिच्यावर हसतो, टाळतो, आणि तरी जातो. याचं कारण मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. आमची कॉलनी आता पूर्वीची राहिली नाही. सत्तर-एकाहत्तर सालची पहिली दोन युनिटं कधीच बंद झाली. १९७९ ते १९८१ च्या दरम्यान आलेली २१० मेगावॉटची तीन आहेत, तीही आता पिकली. ६६० चं नवं युनिट येणार, येणार म्हणून ऐकता ऐकता माझ्या डोक्यावरचे केस पांढरे झाले. पुष्कळांनी जेल रोडला, नाशिकरोडला फ्लॅट घेतले. ते ड्युटीला येतात नि जातात. आम्हीसुद्धा यांच्या रिटायरमेंटनंतर सामनगाव रस्त्याला घर बांधलं. कॉलनीत ओळीच्या ओळीत दोन-तीन क्वार्टरांना कुलूप, अंगणात गवत. तीस जणींची भिशी अकरावर आली आणि मग मोडली. मंगळागौर जागवायला फुगडी घालणाऱ्या उरल्या नाहीत. आता वर्षभरात कुणी कुणाला घरी या म्हणतच नाही. ही एकटी म्हणते.

यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ही चार दिवस रोज मुगाची खिचडी घेऊन आली. पिशवी नाही, कॅटलॉग नाही, 'मॅडम' नाही. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. पाचव्या दिवशी डब्याच्या बुडाशी हृदयाच्या आरोग्याचं पत्रक निघालं, आणि मी माफी परत घेतली.

गेल्या महिन्यात पुन्हा फोन. "काकू, रविवारी चारला या ना. सहज." तारीख बघितली, सत्तावीस. तरी गेलो. नऊ जणी होतो. बटाटेवडे झाले, चहा झाला, दुसरा चहा झाला. पिशवी निघेना. आम्ही सोफ्यावर अवघडून बसलो होतो. एक जण तर उठून सोफ्यामागे डोकावून आली. शेवटी मीच विचारलं, "अगं, ते भांड्यांचं लिक्विड आहे का शिल्लक?" आयुष्यात पहिल्यांदा.

"आज नाही काकू. यांची बदली झाली, कोराडीला. पुढच्या आठवड्यात टेम्पो सांगितलाय."

कुणी काही बोललं नाही. नवरा आतून म्हणाला, "मोठी युनिटं आहेत तिथं. ६६० ची तीन." त्याच्या अंगात बनियन होतं, पूर्ण पांढरं.

मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले. कालनिर्णय भिंतीवरून उतरवून खोक्यावर ठेवलं होतं. यांच्या ऑपरेशनचा महिना मी उलटून पाहिला; तेवढा चोरटेपणा मला माफ असावा. चार चौकोनांत 'खिचडी – काकू', चारही हिरवे. पाचवा लाल.

बाहेर आले तर डेमोवहिनी डोळे पुसत होती. बाकीच्याही पुसत होत्या. तिनं माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला.

"काकू, तुमची एक चुलत नणंद कोराडीच्या कॉलनीत आहे ना?"

"आहे. का गं?"

"नंबर द्या ना," ती म्हणाली. "सहज."