बोलायची पट्टी

दुसऱ्याच्या मुलाशी बोलायचं म्हटलं की आपल्याकडे आधी एक आकडा लागतो. आकडा नव्वदच्या वर असला की आवाज आपोआप वरच्या पट्टीत जातो, "वा वा, आता काय, कॉम्प्युटरच!" ऐंशीच्या आसपास असला की आवाज मध्यम, "चांगलं आहे की, हल्ली मेकॅनिकललाही मागणी आहे म्हणतात." आणि साठच्या खाली गेला की समोरचा एकदम अध्यात्माला लागतो. मार्कांत काय असतं, सचिन कुठे कॉलेजात गेला होता, वगैरे. आकडा हा मुलाचा असतो, पण त्याची खरी गरज काका, मामा, आत्या आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांना असते. त्याच्याशिवाय त्यांना सूरच लागत नाही.

आमच्या कन्येची बारावी २०२० ची. त्या बॅचचे आईबाप आजही कुठे भेटले की एकमेकांचा हात हातात घेतात. तेव्हा घेता येत नव्हता, ती कसर भरून काढतात. बारावीचे पेपर मार्चात कसेबसे उरकले. अभियांत्रिकीच्या प्रवेशाची परीक्षा, एमएचटी-सीईटी, एप्रिलात व्हायची होती, ती पुढे सरकत सरकत ऑक्टोबरात जाऊन पडली. मधल्या काळात १६ जुलैला बारावीचा निकाल लागला. गुण चांगले होते. पेढे हातात द्यायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक दाराच्या कडीला पिशवी अडकवायची, बेल दाबायची आणि मुखपट्टी सावरत जिना उतरून पळायचं, असे आम्ही ते वाटले. पण अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीचे गुण पात्रतेपुरते. खरा हिशेब सीईटीच्या पर्सेंटाईलचा. पेढा खाऊन झाल्यावर प्रत्येकाचा फोन आला आणि प्रत्येकाने तोंडातला पेढा गिळून विचारलं, "ते झालं रे, पण सीईटीचं काय?"

सीईटी झाली. जीवशास्त्रवाल्यांची, म्हणजे पीसीबीची, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली, आमची गणितवाल्यांची, म्हणजे पीसीएमची, १२ तारखेला. त्याच सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. दोन दिवसांनी पावसाने पंढरपूर, सोलापूर, पुणे धुऊन काढलं. ज्यांची परीक्षा या भानगडीत हुकली त्यांच्यासाठी पुन्हा जादा सत्र. निकाल लांबणार हे उघडच होतं. अडचण एवढीच, की रागवायचं कुणावर? विषाणूवर, विजेच्या जाळ्यावर की परतीच्या पावसावर? रागवायला समोर माणूस नसला की मध्यमवर्गाला अपचन होतं. माझ्या वडिलांनी शेवटी सवयीप्रमाणे राग महापालिकेवर काढला, तेव्हा कुठे त्यांना जेवण गेलं.

त्यात घरात इतर मुलंही होती. एका भाच्याने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जेईई मेन दिली, तिचा निकाल ११ सप्टेंबरच्या रात्री हजर. म्हणजे पेपराची शाई वाळायच्या आत म्हणायचं तर तिथे शाईही नव्हती. पुतणीने १३ सप्टेंबरला नीट दिली, तिचाही १६ ऑक्टोबरला लागला. त्या दिवशी आमची अजून परीक्षाच चालू होती. सगळ्यांवर कडी केली दहावीच्या पुतण्याने. त्याचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो टाळेबंदीत रद्दच झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने त्याला भूगोलाचे गुण देण्यात आले. न लिहिलेल्या पेपरचे गुण त्याला जुलैत मिळाले, आणि हिला लिहिलेल्या पेपरचे नोव्हेंबर उजाडला तरी मिळेनात. आमच्या आईने या सगळ्यावर बराच विचार करून म्हटलं, "मग हिनेसुद्धा लिहायला नको होता."

आईला पर्सेंटाईल समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं, की परीक्षा रोज वेगळ्या सत्रात होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, कुणाला सोपा, कुणाला अवघड. म्हणून नुसते गुण मोजत नाहीत. तुझ्या सत्रातली शंभरातली किती मुलं तुझ्याइतकी किंवा तुझ्या मागे राहिली, ते मोजतात. तेही दशांशचिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत, म्हणजे दोघांचा एकच आकडा यायची भीती कमी. आईने वाती वळता वळता ऐकलं. "म्हणजे बाकीच्या पोरांनी वाईट लिहिलं, तर आपलं चांगलं?"

"साधारण तसंच."

आई गप्प झाली. दुसऱ्या दिवशी देवापुढे ती नेहमीपेक्षा बराच वेळ उभी होती. सगळ्या लेकरांचं भलं कर, ही तिची आयुष्यभराची मागणी. ती आता हिशेबात बसेना. सगळ्यांचंच भलं झालं तर नातीचा पर्सेंटाईल आहे तिथेच राहणार, आणि दुसऱ्यांच्या पोरांचं वाईट चिंतणं तिला या वयात जमणार नव्हतं. शेवटी तिने काय तोडगा काढला ते तिने सांगितलं नाही, पण त्या महिन्यात दत्ताला नेहमीपेक्षा जास्त खडीसाखर गेली एवढं खरं.

मी माझ्या परीने तयारीला लागलो. प्रथम मुलीला गाठलं. "अंदाजे किती बरोबर येतील?"

"दीडशेच्या दीडशे सोडवलेत, बाबा."

मला भरून आलं.

"निगेटिव्ह मार्किंग नसतं ना. शेवटचे राहिले होते त्या सगळ्यांना सी टाकलाय."

त्यानंतर मी तिच्यावर विसंबून राहणं सोडलं आणि मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उतरवून घेतली. ही पीडीएफ ज्याने वाचली नाही त्याने जगात काही वाचलं नाही. कॉलेजांना तिथे नावं असतात, पण जाणकार तेव्हा नावं घेत नसत; ६००६ म्हणजे सीओईपी, ३०१२ म्हणजे व्हीजेटीआय, ६००७ म्हणजे सांगलीचं वालचंद, असं ते बोलत. त्याखाली जीओपनएच, एलओपनएस, टीएफडब्ल्यूएस अशी अक्षरं. आधी मला वाटलं ही कुठल्या तरी लसीची नावं असावीत, दिवसच तसे होते. पण पंधरवड्यात मी इतका तयार झालो, की सोसायटीत कुणी भेटलं की माणूस ओळखायच्या आधी हा होम युनिव्हर्सिटीत की अदर दॅन होममध्ये हे माझ्या डोक्यात येई. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, एका फेरीत तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तीनशे! लग्नासाठी मी दोन स्थळं पाहिली होती, त्यातल्या दुसऱ्या स्थळाने मला पाहिलं आणि प्रश्न मिटला.

तर मी याद्या केल्या. नव्व्याण्णव पडले तर ही, पंच्याण्णव पडले तर ती, नव्वदला तिसरी. नव्वदच्या खालचीही एक केली, पण ती विम्याच्या कागदांखाली दडवून ठेवली. आठवड्याने पाहतो तर त्या यादीत बायकोच्या अक्षरात अकरा कॉलेजं वाढलेली, दोन ठिकाणी होस्टेलच्या मेसबद्दल शेरे, आणि माझ्या सातव्या पर्यायावर काट. आम्ही दोघांनीही त्याविषयी चकार शब्द काढला नाही. संसारातले महत्त्वाचे निर्णय असेच होतात.

डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, त्यांच्या स्कॅन केलेल्या आणि ठरलेल्या केबीत बसवलेल्या प्रती, यांविषयी लिहीत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांचं व्हायचंय त्यांची झोप आत्तापासून कशाला उडवा. हाताशी असावा म्हणून बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवला, तो मात्र बारावीच्या गुणांवर झटक्यात मिळाला. पैसे भरताना पलीकडच्या बाईंनी विचारलं, "नक्की येणार ना?" लग्नाच्या हॉलवाल्याला द्यावं तसं मी अत्यंत मोघम उत्तर दिलं.

या काळात आकड्यावाचून आमच्याशी वरच्या पट्टीत बोलणारं जगात एकच माणूस होतं. एका खासगी विद्यापीठाच्या प्रवेश विभागातून फोन करणारी मुलगी. "सर, मॅमची प्रोफाईल खूप ब्राइट आहे," ती म्हणायची. तिने मॅमना पाहिलं नव्हतं, मॅमचा पर्सेंटाईल खुद्द मॅमना माहीत नव्हता, पण तिचा विश्वास अढळ. "सीट ब्लॉक करून घ्या सर, स्कॉलरशिप फक्त आजच्यापुरती आहे." दुसऱ्या दिवशीही ती आजच्यापुरतीच असायची. मी नाही म्हणत राहिलो, पण खरं सांगतो, संध्याकाळी तिचा फोन आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. घरच्या कुणाला आमच्या मुलीबद्दल एवढी खात्री नव्हती.

नातेवाइकांची दशा बघवत नव्हती. १४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. भेटीगाठी बंद, म्हणून सगळी दिवाळी फोनवर. सांगलीची ताई, माझी थोरली बहीण, एरवी निकालाच्या दिवशी अशी बोलते की पलीकडच्या माणसाला फोन नसता तरी ऐकू गेलं असतं. तिने "हॅलो"च असं काही म्हटलं, की आनंद आणि सांत्वन दोन्ही अर्ध्यावर थांबलेले. "काय म्हणते आमची गुणाची पोर?" इथवर सूर चढा. मग एकदम खाली, "काळजी करू नका हं." मग पुन्हा थोडा वर, "फराळ झाला ना?" वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टपाशी मुलीला पाहून "काय मग!" एवढंच म्हणत आणि चौथ्या मजल्यापर्यंत बोर्डावरचे आकडे बघत राहत. त्यांचे मंत्रालयात कुणीतरी होते. त्या कुणीतरीच्या हवाल्याने निकाल रोज उद्या लागत होता. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर तो रात्री साडेअकरालाही लागायचा, आणि लोक खरोखर उठून संकेतस्थळ उघडायचे. मीही उघडायचो; पण मी उघडल्यामुळे ते बंद पडतं असं बायकोचं मत होतं.

एकटी मुलगी निवांत. घरी यीस्ट आणून पाव भाजायची, कोरियन मालिका बघायची. एकदा मी चौथ्यांदा यादी घेऊन तिच्या खोलीत गेलो तेव्हा तिने कानातलं यंत्र काढलं. "बाबा, दहावीपासून पहिल्यांदाच मला कुणी सल्ला देत नाहीये. आत्यासुद्धा नाही. कुणालाच कळत नाहीये काय सांगायचं ते. किती छान चाललंय. तू ती यादी घेऊन बाहेर जा ना."

२८ नोव्हेंबरला निकाल लागला. पान उघडायला वेळ लागला, मग उघडलं, आणि त्यावर ९४.३१७२०५८ असा आकडा होता. मी पंच्याण्णवची यादी काढू की नव्वदची, या विचारात असतानाच ताईचा फोन.

"लागला ना रे? किती?"

"चौऱ्याण्णव पॉइंट एकतीस..."

"चौऱ्याण्णव! अगं बाई!" ताईचा आवाज वर्षभराचा अडकलेला सुटला.

"ताई, टक्के नाहीत. पर्सेंटाईल."

आवाज जिन्यातच थांबला. "म्हणजे चांगलं ना?"

"ते कटऑफवर आहे."

"मग बघ ना कटऑफ. तुझ्याकडे आहे म्हणत होतास."

"तो मागच्या वर्षीचा. यंदाचा पहिली कॅप फेरी झाल्यावर कळेल."

"आणि ती कधी?"

"वेळापत्रक जाहीर व्हायचंय."

ताईने थोडा वेळ विचार केला. "बरं, असं कर. मी आत्ता नुसतं अभिनंदन म्हणते. ते आनंदाने म्हटलं होतं की धीर द्यायला, ते मी तुला जानेवारीत सांगते. पोरीला दे फोन."