विंडोजमुक्त खेळाडूची साधना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेले धडधाकट संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. त्यांच्या उद्धारासाठी लिनक्स आहे.

लिनक्सवर खेळ चालवण्याची रीत शास्त्रशुद्ध आहे. आधी विंडोज समूळ पुसावे. मग व्हॉल्व कंपनीने २०१८ साली आणलेले प्रोटॉन चालू करावे. ते खेळाची समजूत घालते, की बाबा रे, तू विंडोजवरच आहेस. खेळ विश्वास ठेवतो आणि पुष्कळदा तितक्याच वेगाने धावतो. स्वातंत्र्याचा याहून निर्भेळ नमुना मिळणे कठीण.

विश्वास ठेवत नाही तो खेळातली लबाडी पकडणारा पहारेकरी. व्हॅलोरंट या खेळाचा व्हॅनगार्ड थेट विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बिऱ्हाड करतो. लिनक्सवर त्याला जागा नाही, म्हणून खेळाडूलाही प्रवेश नाही. एपेक्स लेजंड्सने २०२४ मध्ये हेच धोरण स्वीकारले. ते रास्तच आहे: जो खेळूच शकत नाही, त्याच्याइतका प्रामाणिक खेळाडू दुसरा कोण? शिवाय तो कधी हरतही नाही.

अभ्यासाला स्थळ म्हणून महाड तालुक्यातले शिवथर उत्तम. तिथल्या घळीत समर्थांनी दासबोध सिद्ध केला, अशी परंपरा आहे. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या चिंतनालाही तेवढाच एकांत लागतो. खेळ हे निमित्त. दीर्घ साधनेनंतर एके दिवशी सगळे खेळ सुरळीत चालू लागतात. त्याच संध्याकाळी साधक ते सर्व पुसून लिनक्सचे दुसरे डिस्ट्रो बसवायला घेतो.